शिसवी, स्प्रूस आणि मार्टिनचा एक्स: एका गिटारच्या बांधणीच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

खंडेनवमीला रंधे-पटाश्या तेल लावून पूजेला बसल्या, काल दसरा झाला. आजपासून काम सुरू.

बांधायचं काय ते पक्कं आहे. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९३० च्या आसपास काढलेल्या ओएम, म्हणजे ऑर्केस्ट्रा मॉडेल, धाटणीची पोलादी तारांची गिटार. खालच्या बाजूला रुंदी ३८१ मिमी, तारेची बोलती लांबी ६४५ मिमी, मानेवर, पेटीच्या बाहेर, चौदा पडदे मोकळे. मागची फळी आणि बाजू शिसवी, टॉप म्हणजे भोकाची समोरची फळी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची, मान तून लाकडाची.

सोबत एक नियमही घालून घेतला आहे. ज्या भागाला हात लावायचा, तो भाग असाच का झाला हे आधी शोधायचं आणि इथे लिहायचं. ‘आवाज चांगला येतो म्हणून’ हे उत्तर सगळ्यात शेवटी. गिटारच्या इतिहासात नावं गाजतात ती वाजवणाऱ्यांची. मला संशय आहे की वाद्याचा आकार बदलला तो लाकडाच्या टंचाईने, गिऱ्हाइकाच्या हट्टाने आणि दुरुस्तीला परत येणाऱ्या मालाने. बघू, कितपत खरं निघतं.

पुण्यात अजून हवेत दमटपणा आहे. आर्द्रतामापक ६८ दाखवतोय. आतल्या पट्ट्या चिकटवण्याचं काम ४५ च्या आसपास आकडा आल्याशिवाय करायचं नाही. दमट हवेत फुगलेल्या फळीवर पट्टी चिकटवली की एप्रिलच्या कोरड्या उन्हात फळी आकसते, पट्टी आकसत नाही, आणि टॉप मधोमध उभा तडकतो. त्यामुळे तोवर लाकूड गोळा करणं आणि वाचन.

२० ऑक्टोबर

टिंबर मार्केटमधल्या एका वखारीत जुन्या शिसवी कपाटाच्या फळ्या मिळाल्या. दारांचे तक्ते रुंद आहेत, आणि मुख्य म्हणजे रेषा सरळ उभ्या जाणाऱ्या आहेत. वखारवाले काका तीनदा म्हणाले, “ताई, पॉलिश मारून असंच विका, दुप्पट येतील. चिरून वाटोळं करू नका.” चिरण्यासाठीच घेतलं म्हटल्यावर त्यांनी भाव कमी केला नाही, पण चहा पाजला.

गिटारच्या दुनियेत हे लाकूड ‘ईस्ट इंडियन रोझवुड’ म्हणून ओळखलं जातं. शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया, वाढतं सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या जंगलांत. मार्टिनच्या डी-२८ सारख्या गिटारी पूर्वी ब्राझीलच्या रोझवुडच्या असत. ब्राझीलने गोल ओंडके बाहेर पाठवायला बंदी केली, चिरायचं काम आमच्याच देशात करा म्हणाले. कंपनीला हवे तसे काप मिळेनात, म्हणून १९६९ मध्ये मार्टिनने नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय शिसवी धरलं. कोणी कान लावून दोन लाकडांची तुलना केली आणि हे निवडलं, असं झालेलं नाही. मालाचा पुरवठा आटला, एवढंच. तरीही आज पन्नास वर्षांपूर्वीच्या ब्राझिलियन रोझवुडच्या गिटारीला जी किंमत मिळते, तिच्यामागे ‘तो आवाजच वेगळा’ ही कथा असते. डोळ्यांवर पट्टी बांधून किती जणांना ओळखता येईल, याबद्दल मला दाट शंका आहे. ब्राझीलचं ते लाकूड १९९२ पासून साइट्स या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा व्यापार जवळपास बंदच.

आपल्या शिसवीची गोष्टही पुढे कोर्टाच्या दारापर्यंत गेली. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय अधिकाऱ्यांनी गिब्सन कंपनीच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर छापे घातले. माल होता भारतातून आलेल्या शिसवी आणि एबनीच्या (आबनुसाच्या) फिंगरबोर्डच्या, म्हणजे मानेवर पडदे बसवायच्या, पट्ट्या. परक्या देशाचा निर्यात-कायदा मोडून आलेलं लाकूड बाळगणं हा तिथल्या लेसी कायद्यात गुन्हा आहे. वाद काय, तर पट्टी ६ मिमीपर्यंत असेल तर ती व्हेनियर, त्याहून जाड असेल तर चिरलेलं लाकूड, आणि वाद्याचा भाग म्हणून नोंदवली तर तिसराच प्रकार. एकच पट्टी, खाती तीन. गिब्सनवर त्याआधी २००९ मध्ये मादागास्करच्या एबनीवरून एक छापा पडलेलाच होता. २०१२ मध्ये तडजोड झाली. कंपनीने ३ लाख डॉलर दंड भरला, ५० हजार डॉलर वनसंवर्धनासाठी दिले. भारतीय लाकडाच्या वर्गवारीबद्दल गोंधळ आहे हे सरकारनेही मान्य केलं.

२ जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाच्या बाकीच्या सगळ्या जाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या. तेव्हा गिटार घेऊन परदेशी कार्यक्रमाला निघालेल्या वादकांनाही कागदांची धास्ती पडली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. माझ्या कपाटाचं लाकूड या सगळ्याच्या आधीच कापलेलं आहे, आणि बांधलेली गिटार घराबाहेर जाणार नाही, त्यामुळे मला कटकट नाही.

९ नोव्हेंबर

दिवाळीनंतर गिरणी उघडली. तक्ते आडवे चिरून ४ मिमीचे काप काढले. पहिला काप उघडला तेव्हा आतलं लाकूड जांभळट निघालं. कपाटाचा बाहेरचा काळपट तपकिरी रंग फक्त वरच्या थराचा. मिस्त्री म्हणाले, “ताई, दोन दिवस उघडं ठेवा, परत काळं पडेल.” पडलं.

मागच्या फळीचे दोन काप पुस्तकाच्या पानांसारखे उघडून मधोमध जोडले. शिसवी तेलकट असतं, म्हणून जोड चिकटवण्याआधी कडा स्पिरिटने पुसून लगेच सरस लावला.

जोड सुकेपर्यंत मार्टिन घराण्याचं मूळ वाचत बसले. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन, जन्म १७९६, सॅक्सनीतलं मार्कनॉयकिर्शन हे गाव. बाप लाकडी फर्निचर बनवणारा. मुलगा व्हिएन्नात योहान जॉर्ज श्टाउफरकडे गिटारचं काम शिकून परत आला. गावात व्हायोलिन बनवणाऱ्यांचा संघ होता. या संघाने तक्रार केली की गिटार बनवण्याचा हक्क आमचा, कारण आम्ही कलावंत. हे सुतार घरगुती वापराच्या वस्तू करणारे, यांनी वाद्यांत पडू नये. भांडण १८२६ ला सुरू झालं, १८३२ मध्ये पुन्हा पेटलं. निकाल सुतारांच्या बाजूने गेला, पण १८३३ मध्ये मार्टिनने बायकामुलांसह गाव सोडलं आणि न्यूयॉर्क गाठलं. हडसन स्ट्रीटवर दुकान थाटलं. तिथे गिटारबरोबर इतर वाद्यं आणि छापील संगीतही विकायला ठेवलं. जगातली सगळ्यात जुनी चालू गिटार कंपनी अशी व्यवसायाच्या हद्दीवरून झालेल्या तंट्यातून उभी राहिली.

मिरजेचे सतारमेकरही मूळचे शिकलगार, हत्यारांना धार-पाणी करणारे. राजवटी बदलल्या, तलवारींचं काम संपलं आणि तेच हात तंबोऱ्याकडे वळले. तिथे मात्र कुणी संघ आडवा आल्याचं ऐकिवात नाही.

श्टाउफरच्या गिटारबद्दल एक गंमत. तिच्या डोक्यावर सहाही खुंट्या एकाच बाजूला, एका ओळीत असत. मार्टिननेही सुरुवातीच्या गिटारी तशाच केल्या, नंतर तो प्रकार सोडला. पुढे शंभरेक वर्षांनी लिओ फेंडरच्या विजेच्या गिटारांवर तीच एका ओळीतली रचना दिसते.

२४ नोव्हेंबर

बाजू वाकवल्या. आजचं काम सगळ्यात सुरेख झालं, म्हणून सविस्तर.

शिसवीच्या पट्ट्या रंधून २.१ मिमीवर आणल्या. शेगडीच्या ज्योतीवर लोखंडी पाइपचा तुकडा शिकंज्यात आडवा पकडला. पाण्याचा थेंब टाकला की तो न चिकटता नाचत खाली पडायला हवा, तेवढा तापू द्यायचा. आधी कंबर. तिथला बाक सगळ्यात घट्ट, आणि मोडलीच तर पट्टी तिथेच मोडते. ओलं फडकं पाइपवर, त्यावर पट्टी, आणि दोन्ही हातांनी फक्त वजन द्यायचं, जोर नाही. थोडा वेळ काहीच होत नाही. मग एकदम हाताखाली लाकूड नरम पडतं, हाडाचा ताठरपणा जाऊन ते चामड्यासारखं होतं, आणि तेवढ्या क्षणात साच्याच्या रेषेपर्यंत नेऊन गार होईपर्यंत धरून ठेवायचं. लाकडातल्या पेशींना जोडणारं लिग्निन तापलं की मऊ होतं आणि गार झालं की नव्या आकारात घट्ट बसतं. वास मात्र गुलाबाचा, रोझवुड नाव उगाच पडलेलं नाही. फडकं जांभळं, बोटं जांभळी, शेजारच्या काकूंना वाटलं मी बिटाचं काहीतरी करतेय.

दोन्ही बाजू साच्यात बसल्या. आर्द्रता ५१.

१ डिसेंबर

आर्द्रता ४७. स्प्रूसचा टॉप जोडून २.८ मिमीवर आणला, भोक कापलं, भोकाभोवतीची नक्षी बसवली. नक्षीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, साधी काळी-पांढरी वर्तुळं.

८ डिसेंबर

आज आतल्या पट्ट्या, म्हणजे ब्रेसिंग. गिटारचा सगळा जीव इथे असतो.

टॉप म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची फळी. तिच्यावर चिकटलेल्या घोडीला सहा तारा सतत ओढत असतात. पोलादी तारांचा हलका संच घेतला तरी ओढ मिळून सत्तर किलोच्या आसपास जाते. फळी वाकू नये इतकी ताठ हवी आणि थरथरावी इतकी हलकी हवी. दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून आतून पट्ट्या.

याचं एक उत्तर स्पेनमध्ये अंतोनियो दे तोरेसने पक्कं केलं. अल्मेरियाकडचा माणूस, जन्म १८१७, हाही मूळचा सुतारच. त्याने पंख्याच्या काड्यांसारख्या सात पट्ट्या टॉपखाली पसरल्या, पेटी मोठी केली, आणि आजची क्लासिकल गिटार बव्हंशी त्याच्याच आराखड्यावर चालते. तोरेसचा एक प्रयोग मला फार आवडतो. १८६२ मध्ये त्याने एका गिटारची मागची फळी आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, टॉप मात्र व्यवस्थित लाकडाचा. आवाज टॉपमध्ये असतो हे दाखवायला. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. वखारवाल्या काकांना हे आधी सांगितलं असतं, तर त्यांनी मला पुठ्ठ्याच्या दुकानात पिटाळलं असतं.

दुसरं उत्तर मार्टिनचं. एव्हाना तो न्यूयॉर्क सोडून पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ या मोरेव्हियन पंथीयांच्या गावात स्थायिक झाला होता. १८४३ च्या सुमाराच्या त्याच्या गिटारींत भोकाखाली एकमेकींना छेदणाऱ्या दोन मुख्य पट्ट्या दिसू लागतात. हाच एक्स. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या, त्यांची ओढ पोलादाच्या जवळपास निम्मी. म्हणजे एक्सची मजबुती तेव्हा गरजेपेक्षा जास्तच होती. हा माणूस कुठल्या पोलादी भविष्याची तयारी करत नव्हता.

पोलाद आलं ते हवाई बेटांच्या वाटेने. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं. तिथल्या हवाई दालनात मांडीवर आडवी गिटार घेऊन पोलादी कांबीने वाजवणारे वादक होते. अमेरिकेला त्या आवाजाचं वेडच लागलं. दुकानदार पोलादी तारांच्या गिटारी मागू लागले. १९२२ मध्ये मार्टिनने २-१७ हे छोटं, स्वस्त मॉडेल मुळात पोलादी तारांसाठी म्हणून बाजारात आणलं, आणि दशक संपेपर्यंत जवळजवळ सगळाच माल तसा झाला. पंख्याची बांधणी या ओढीने उठून आली असती. एक्सने ती पेलली. ऐंशी वर्षं आधी वेगळ्याच कामासाठी केलेली रचना आयती हाताशी होती, एवढंच या कंपनीचं नशीब.

ती हवाईयन लाट आपल्याकडेही पोचली. १९४० च्या दशकात अशी आडवी गिटार वाजवणारा ताउ मो आणि त्याचं कुटुंब कोलकात्यात मुक्काम करून होतं. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी हीच आडवी गिटार रागसंगीतात आणली, आणि विश्वमोहन भटांनी तिच्यात तरफा घालून मोहनवीणा केली. गिटारच्या कारखान्यात ज्या मागणीने पोलाद शिरलं, तीच मागणी आपल्या मैफलीपर्यंत येऊन थांबली.

कामाचं: पट्ट्या स्प्रूसच्याच, ८ मिमी रुंद, १५ मिमी उंच, छेदाचा कोन ९८ अंश. जिथे दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडतात तिथे अर्धी-अर्धी खाच घालून वर कापडाचा सरसात भिजवलेला तुकडा लावला. जुन्या मार्टिनमध्येही असंच कापड सापडतं. सरस गरम, साठ अंशांच्या आसपास. फेविकॉलने काम सोपं झालं असतं. पण सरस पाण्याने-उष्णतेने सुटतो, आणि दुरुस्तीला येणाऱ्या पुढच्या माणसाचे आशीर्वाद मिळतात.

आर्द्रता ४४.

२९ डिसेंबर

पट्ट्या तासल्या. एक्सच्या चारही पायांना मधे खोलगट बाक दिला. एका हाताने टॉप कडेला चिमटीत धरायचा, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने घोडीच्या जागी ठोकायचं. सुरुवातीला बंद दारावर टकटक केल्यासारखा आवाज होता. तासत गेले तसा सूर खाली उतरला आणि लांबला. एका जागी येऊन तो आणखी उतरेना, तिथे पटाशी खाली ठेवली. यापुढे तासलं तर सूर नाही, फळीच बसेल.

मार्टिनने हे असं तासणं १९४४ च्या अखेरीस बंद केलं. वादक जाड तारा लावू लागले होते, टॉप फुगून दुरुस्तीला यायला लागले, म्हणून पट्ट्या सरळ, भरीव ठेवायचा निर्णय झाला. जुन्या गिटारी शोधणारे लोक ‘१९४४ च्या आधीची’ म्हणून जीव टाकतात ते याच कारणाने. त्यांची मागणी इतकी वाढली की १९७६ मध्ये कंपनीने एचडी-२८ काढली आणि पट्ट्या पुन्हा खोलगट केल्या. त्यातला ‘एच’ म्हणजे कडेची हेरिंगबोन नक्षी. ती जर्मनीहून यायची आणि युद्धानंतर साठा संपल्यावर १९४७ च्या सुमारास बंद झाली होती.

म्हणजे एकाच गिटारची पट्टी एकदा दुरुस्तीच्या खर्चाने जाड झाली आणि एकदा जुन्या बाजाराच्या भावाने पुन्हा बारीक झाली. माझ्या पहिल्या दिवशीच्या संशयाला याहून चांगला पुरावा नको.

१२ जानेवारी २०२५

मानेचं लाकूड तून. मिरजेत सतारीच्या दांडीला हेच वापरतात. महोगनीच्याच कुळातलं, हलकं, सरळ, आणि इथे मिळतं.

मानेच्या आत सळई घालायची. तारांच्या ओढीने मान पुढे वाकते, आणि आतली सळई आवळली की ती ओढीविरुद्ध मागे येते. ही कल्पना गिब्सनच्या कारखान्यातल्या थॅडियस मॅकह्यूची, पेटंट १९२३ चं. मार्टिनने मात्र मॅकह्यूची कल्पना घ्यायला १९८५ उजाडू दिलं. मधली पन्नास-साठ वर्षं त्यांनी मानेत आधी पोलादी पट्टी, युद्धात पोलाद मिळेना तेव्हा एबनीची पट्टी, मग पुन्हा पोलाद असं चालवलं. आवळायची सोय नाही. यात परंपरेचा अभिमान किती आणि आडमुठेपणा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. मी सळई घालतेय. पुण्याच्या हवेत आर्द्रता जुलैत ८५ आणि एप्रिलमध्ये २५ असते. न आवळता येणारी मान इथे ठेवणं म्हणजे दर ऋतूला पडदे घासत बसणं.

चौदा पडद्यांची गोष्ट. १९२९ पर्यंत मार्टिनच्या गिटारांची मान बाराव्या पडद्याला पेटीला मिळायची. अटलांटाचा बॅन्जोवादक पेरी बेक्टेल याला बॅन्जोसारखी लांब मान हवी होती. तेव्हा नाचगाण्याच्या वाद्यवृंदांत बॅन्जोची जागा गिटार घेत होती, आणि बॅन्जोवाल्यांना हातातली सवय न मोडता वाद्य बदलायचं होतं. त्याने पंधरा पडदे मागितले, कंपनीने चौदा दिले. पेटी मात्र नवी केली नाही. होत्या त्याच आकाराचे खांदे वरून चेपून बसके केले. तो नमुना म्हणजे ओएम-२८. पाच वर्षांत हे चौदा पडदे जवळपास सगळ्या मॉडेलांवर गेले, आणि आज कोणत्याही दुकानात पोलादी तारांची गिटार हातात घ्या, मान बहुतेक वेळा चौदाव्यालाच मिळते. घाऊक बदल, कारण एका बॅन्जोवाल्याची ऑर्डर.

मान पेटीला जोडायला मार्टिनची पद्धत डव्हटेलची, म्हणजे पक्ष्याच्या शेपटीसारखी खाच. दिसायला देखणी, उघडायला वाफ द्यावी लागते. मी दोन बोल्ट लावणार. लिओ फेंडर मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. गिटार वाजवता यायची नाही. १९५० मध्ये त्याने मान चार स्क्रूंनी पेटीला बसवली. खराब झाली तर काढा, दुसरी लावा. लोकांनी आधी नाकं मुरडली. आता टेलरसारख्या नामांकित अकूस्टिक कंपन्याही बोल्टच लावतात.

२ फेब्रुवारी

पेटी बंद केली. त्याआधी आत पेन्सिलीने तारीख आणि लाकडाचा पत्ता लिहिला.

मार्टिनच्या गिटारींना अनुक्रमांक मिळायला लागले १८९८ पासून. तोवर किती बनल्या याची नोंद नव्हती, म्हणून अंदाजाने ८००० धरून पुढे मोजायला सुरुवात केली. तोच क्रम आजही चालू आहे, २००४ मध्ये दहा लाखावी गिटार झाली. त्याच १८९८ सालापर्यंत नाझरेथमध्ये बनलेल्या गिटारांवर शिक्का मात्र ‘न्यूयॉर्क’ असायचा, कारण सगळा माल न्यूयॉर्कच्या झोबिश नावाच्या व्यापाऱ्यामार्फत विकला जाई. संस्थापक मार्टिनचा नातू फ्रँक हेन्री मार्टिन याने तो संबंध तोडला आणि शिक्क्यावर गाव बदललं. साठ वर्षं चुकीचं गाव.

२३ फेब्रुवारी

पडद्यांच्या खाचा. फिंगरबोर्डही उरलेल्या शिसवीचाच.

जुने कारागीर अठराचा नियम वापरायचे. तारेच्या लांबीला १८ ने भागा, पहिला पडदा तिथे. उरलेल्या लांबीला पुन्हा १८ ने भागा, दुसरा. विन्चेन्झो गॅलिलेई, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचा बाप, याने हे प्रमाण १५८१ मध्ये ग्रंथात मांडलं. हिशेब सोपा, पण बारावा पडदा बरोबर मध्यावर पडत नाही. ६४५ मिमीच्या तारेवर सव्वादोन मिलिमीटरच्या वर कमी भरतो. आज १७.८१७ ने भागतात. मग पहिला पडदा ३६.२ मिमीवर येतो आणि बारावा बरोबर निम्म्यावर. सतारीवर पडदे दोऱ्याने बांधलेले, कानाला खटकलं की सरकवा. इथे एकदा करवत चालली की कानाला विचारून उपयोग नाही, म्हणून सगळ्या खुणा एकाच पट्टीवरून, एका टोकापासून मोजून केल्या.

१६ मार्च

पॉलिश. चपड्या लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याने. पेठेतले जुने फर्निचरवाले करतात तेच फ्रेंच पॉलिश, फक्त थर अगदी पातळ. हे मार्टिननेही जुन्या काळी वापरलं. १९२० च्या दशकात कंपन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरकडे वळल्या. मोटारींच्या कारखान्यांसाठी झटपट सुकणारा रंग तयार झाला होता, फवारणीने एका दिवसात चारपाच थर बसायचे. फेंडरने तर पुढे सरळ ड्यूपाँटच्या मोटारींच्या रंगांतूनच आपले गिटारचे रंग निवडले. मला घाई नाही, बोळाच बरा.

हवा कोरडी झाली आहे, ३१. पेटी बंद खोक्यात ओल्या स्पंजासोबत ठेवते.

६ एप्रिल

भाचा आला होता. गिटार उचलून म्हणतो, “मावशी, ही लहान वाटते गं. सगळ्यांकडे मोठी असते.”

सगळ्यांकडे असते ती ड्रेडनॉट. तिचंही मूळ असंच आडवळणाचं. १९१६ मध्ये ऑलिव्हर डिटसन या संगीतव्यापाऱ्यांच्या न्यूयॉर्क दुकानाने मार्टिनकडून ही रुंद कमरेची मोठी गिटार करून घेतली, त्यांच्याच नावाने विकायला. नाव घेतलं १९०६ च्या ब्रिटिश युद्धनौकेवरून. फारशी खपली नाही. डिटसनचा धंदा १९३१ मध्ये बंद झाल्यावर मार्टिनने ती आपल्या नावाने आणली, तिच्यातूनच डी-१८ आणि डी-२८ निघाल्या. मायक्रोफोनपुढे गर्दी करून वाजवणाऱ्या कंट्री आणि ब्लूग्रासच्या वादकांना तिचा ढोलदार खर्ज कामी आला, मग सगळ्या जगाने नक्कल केली. जपानी कंपन्यांच्या नकला इतक्या पुढे गेल्या की १९७७ मध्ये गिब्सनच्या तेव्हाच्या मालकांनी, नॉर्लिनने, आयबानेझ या जपानी गिटारींच्या अमेरिकी वितरकावर गिटारच्या डोक्याच्या आकारावरून दावा ठोकला.

मार्टिनचंही तेव्हा कठीण चाललं होतं. १९७१ मध्ये वर्षाला बावीस हजारांवर गिटारी बनत होत्या. १९८२ मध्ये तीन हजारांच्या आसपास. डिस्को, सिंथेसायझर, मंदी, संप, सगळं एकदम. १९८६ मध्ये सहाव्या पिढीतल्या ख्रिस मार्टिनकडे सूत्रं आली आणि कंपनी सावरली. २०२१ मध्ये त्याने पद सोडलं, पहिल्यांदाच घराबाहेरचा माणूस प्रमुख झाला.

भाच्याने एवढं ऐकून घेतलं नाही. तो खुंट्या फिरवत बसला होता.

२७ एप्रिल

तारा चढवल्या.

घोडी शिसवीची, तिच्यातली सॅडल हाडाची. तिचा माथा नीट गोल करावा लागला, तारेने एकाच बिंदूवर टेकायला हवं. सतारीला जवारी काढणारा हाच माथा पसरट घासतो, तार त्यावर लोळत घासत जावी म्हणून. इथे तसं झालं तर लोक तार झणझणते म्हणून परत पाठवतात.

आधी सैल, मग तासातासाने थोड्या वर, संध्याकाळी पूर्ण सुरात. रात्री मोजमाप घेतलं. बाराव्या पडद्यावर जाड तार २.६ मिमी, बारीक तार १.९. घोडीच्या मागे टॉप दीड मिमीने फुगला आहे, तेवढं अपेक्षितच. मानेची सळई पाव फेरा आवळली. खर्ज ड्रेडनॉटइतका जाड नाही, पण मधल्या सप्तकात सूर सुटे आणि स्वच्छ येतात, एकेक बोट वेगळं ऐकू येतं. शिसवीमुळे की स्प्रूसमुळे की पट्ट्या तासल्यामुळे, हे सांगणाऱ्याने माझ्यासमोर पुठ्ठ्याची गिटार बांधून दाखवावी.

हे मोजमाप २८ टक्के आर्द्रतेतलं आहे. जूनमध्ये पाऊस लागून हवा ओली झाली की टॉप आणखी फुगेल आणि तारा वर उचलल्या जातील. त्यासाठी अर्धा मिमी बुटकी दुसरी सॅडल आत्ताच घासून पेटीत ठेवली आहे. पुढचं मोजमाप जूनअखेर.